गाडीतला रेडिओ आणि निवृत्तीचे पैसे

ओहायो राज्यात कोलंबसजवळ राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. मोठं आहे, म्हणून गोषवारा देते.

‘माझे मिस्टर बावन्न वर्षांचे आहेत. नोकरीसाठी रोज दोनेक तास गाडीत असतात. पूर्वी ट्रॅफिक आणि हवामानापुरता एएम रेडिओ लावायचे, आता जाता-येता उजव्या विचारांचे चर्चेचे कार्यक्रमच ऐकतात. घरी आल्यावर जेवतानाही तेच: फेडने, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेने, वाट लावली, देश कर्जात बुडाला, सरकारचे आकडे खोटे आहेत. आमची सतरा वर्षांची मुलगी एकदा म्हणाली, “बाबा, तुम्ही ज्यांचं ऐकता त्यांना आपण इथे नकोच आहोत.” हे तिच्यावर ओरडले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे. आता गेल्या महिन्यात रेडिओवर जाहिरात करणाऱ्या सोन्याच्या कंपनीचं जाडजूड पाकीट घरी आलं. जुन्या नोकरीतला ४०१-के, म्हणजे निवृत्तीसाठी साठवलेले पैसे, तिकडे हलवायचा म्हणतात. माझ्या आईचं सोनंच अडीअडचणीला कामाला आलं होतं ना, असं मलाच विचारतात. मी हा रेडिओ बंद कसा करायला लावू?’

ताई, रेडिओ बंद करायला लावू नका. सांगून तो बंद होणार नाही, आणि झालाच तर तीच माणसं फोनवरच्या पॉडकास्टमध्ये भेटतील. मात्र त्या पाकिटातल्या कागदांवर सही होऊ देऊ नका, आणि हे या आठवड्यातच बोला. तुमच्या पत्रात मुलीचं आणि रेडिओचं दुःख सविस्तर आलंय, आणि ४०१-केबद्दल जेमतेम तीन ओळी आहेत. मला काळजी वाटते ती त्या तीन ओळींची.

जुन्या नोकरीतला ४०१-के हलवायला सध्याच्या कंपनीची आडकाठी नसते. सोन्याची कंपनी एक आयआरए, म्हणजे स्वतःच्या नावाचं निवृत्ती-बचतीचं खातं, उघडून देते, पैसे त्यात येतात आणि त्यातून नाणी किंवा छोट्या विटा घेतल्या जातात. हे कायदेशीर आहे. पण यातली एक गोष्ट बऱ्याच बायकांना माहीत नसते. ४०१-के असलेल्या नवऱ्याचं काही बरंवाईट झालं तर ते पैसे कायद्याने बायकोचे असतात; दुसऱ्या कुणाचं नाव लावायचं तर बायकोची लेखी संमती लागते. आयआरएला केंद्रीय कायद्याचं हे संरक्षण नाही. तिथे फॉर्मवर ज्याचं नाव असेल त्याचे पैसे. आणि ४०१-केतून आयआरएत पैसे हलवताना बहुतेक योजनांमध्ये तुमची सहीसुद्धा लागत नाही. तुमचे मिस्टर तुम्हाला फसवतील असं मला मुळीच वाटत नाही. त्यांनाही हे ठाऊक नसणार. म्हणून तुम्ही सांगा.

पैसे एका संस्थेकडून थेट दुसऱ्या संस्थेकडे गेले तर कर लागत नाही. चेक मिस्टरांच्या नावाने निघाला तर २० टक्के रक्कम आधीच कापली जाते. मग ६० दिवसांच्या आत, कापलेल्या रकमेची भर स्वतःच्या खिशातून घालून, सगळे पैसे नव्या खात्यात भरावे लागतात. जे भरायचं राहील त्यावर प्राप्तिकर, आणि वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर सहसा वर १० टक्के दंड. सोनं घरच्या तिजोरीत ठेवता येईल असं विक्रेता म्हणाला तर तिथेच फोन ठेवून द्यावा. आयआरएतलं सोनं मान्यताप्राप्त संस्थेच्या ताब्यात राहावं लागतं. एका जोडप्याने आयआरएच्या पैशातून घेतलेली अमेरिकन ईगल नाणी घरी ठेवली होती. २०२१मध्ये कर न्यायालयाने ती रक्कम खात्यातून काढून घेतल्यासारखीच धरली आणि त्यावर कर लावला.

भावाचा मुद्दा तर याहून मोठा. २०२०च्या सप्टेंबरमध्ये वायदेबाजाराची केंद्रीय नियामक संस्था आणि ३० राज्यं यांनी मिळून मौल्यवान धातू विकणाऱ्यांवर एक खटला भरला. वयस्कर लोकांना घाबरवून, त्यांच्या निवृत्तीच्या पैशांतून भरमसाट चढ्या भावाने नाणी विकल्याचा आणि त्यातून १८ कोटी ५० लाख डॉलर गोळा केल्याचा आरोप होता. सगळ्याच कंपन्या अशा नसतात. तुमच्या घरी आलेलं पाकीट कुणाचं आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत आणि मला ते जाणून घ्यायचंही नाही. मिस्टरांनी त्या कंपनीकडे दोन आकडे लेखी मागावेत: हे नाणं आज मला कितीला देता, आणि हेच नाणं आज माझ्याकडून परत कितीला घ्याल. दोन्हींत जो फरक येईल तेवढे पैसे पहिल्याच दिवशी गेले असं धरायचं.

तुमच्या आईच्या सोन्याबद्दल ते जे म्हणाले ते मला पटतं, पण ते इथे लागू पडत नाही. आपल्याकडे दसऱ्याला, पाडव्याला गुंजभर सोनं घेतलं जायचं ते पिढ्यांच्या ओळखीच्या सोनाराकडून. वजन डोळ्यांसमोर व्हायचं, भाव विचारला की कळायचा, मजुरी वेगळी सांगितली जायची, आणि अडचणीच्या दिवशी त्याच पेढीवर पाटल्या ठेवून पैसे हातात यायचे. फोनवरून नाणी विकणाऱ्याच्या व्यवहारात यातलं काहीही नाही.

शिवाय सोन्याचा भाव नेहमी वरच जातो ही समजूतही तपासून घ्या. १९८०च्या जानेवारीत, महागाई भडकलेली, इराणमध्ये अमेरिकी ओलीस अडकलेले आणि सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरलेल्या, अशा वेळी सोनं औंसाला ८५० डॉलरवर पोचलं. पुढची वीस वर्षं ते घसरत-रेंगाळत २५०च्या आसपास आलं. ८५०चा आकडा परत दिसायला २००८ उजाडलं. १९८०मध्ये बावन्न वर्षांच्या एखाद्या गृहस्थाने निवृत्तीसाठी ते घेतलं असेल, तर पैसे नुसते परत मिळेपर्यंत तो ऐंशीचा झाला असेल, आणि मधल्या महागाईचा हिशोब वेगळाच. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये सोन्याने ४,००० डॉलर ओलांडले, म्हणून आज सगळ्यांनाच ते सुरक्षित वाटतंय. मिस्टरांना सोनं हवंच असेल तर आयआरएच्या साध्या खात्यात सोन्याचा ईटीएफ, म्हणजे सोन्याच्या भावाबरोबर चालणारा, शेअरसारखा घेता-विकता येणारा फंड, घेता येतो. त्याचा वार्षिक खर्च सहसा अर्ध्या टक्क्याच्या आत असतो, आणि एकूण बचतीचा लहानसा हिस्सा त्यात ठेवला तर कुणाची झोप उडणार नाही. सोनं विकून ज्याला कमिशन मिळत नाही, जो तासाची किंवा ठरावीक फी घेतो, अशा सल्लागाराकडे एकदा दोघांनी मिळून जा. मी आकडे सांगू शकते, तुमचे कागद बघून निर्णय देऊ शकत नाही.

आता रेडिओ. तुम्ही तो दारातून ऐकलाय, गाडीत बसून ऐकलेला नाही. पत्रात एकाही कार्यक्रमाचं नाव नाही, एकाही निवेदकाचं म्हणणं नाही, फक्त वैताग आहे. म्हणून तो कसा चालतो ते थोडं सांगते.

१९४९पासून अमेरिकेत एफसीसीचा, म्हणजे प्रसारणावरच्या केंद्रीय नियामक संस्थेचा, एक नियम होता. प्रसारणाचा परवाना असणाऱ्याने सार्वजनिक वादाचे विषय हाताळायचे आणि त्यातल्या वेगवेगळ्या बाजूंना वाव द्यायचा. १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला होता. १९८७मध्ये रिपब्लिकन अध्यक्ष रेगन यांच्या काळात एफसीसीनेच तो रद्द केला. संसदेने त्याचा कायदा करायचं ठरवलं होतं, त्यावर रेगन यांनी नकाराधिकार वापरला. त्याच सुमाराला एएम केंद्रांची अवस्था बिकट होती. गाणी स्वच्छ आवाजाच्या एफएमवर निघून गेली होती आणि एएमला बोलणारी माणसं हवी होती. १९८८च्या ऑगस्टमध्ये मिसुरीतल्या केप जिरार्डोचे, उजव्या विचारांचे रश लिंबॉ न्यूयॉर्कहून देशभर बोलू लागले. दुपारी तीन तास, पाहुणे फारसे नाहीत, एकटा माणूस आणि फोन करणारे श्रोते. स्थानिक केंद्रांना असा कार्यक्रम रोख पैसे न मोजताही मिळू शकायचा, बदल्यात जाहिरातींची काही मिनिटं कार्यक्रम पुरवणाऱ्या कंपनीला द्यायची. १९९६च्या कायद्याने एका कंपनीने किती केंद्रं बाळगावीत यावरची देशपातळीवरची मर्यादा काढली, आणि शेकडो केंद्रं मोजक्या हातांत गेली. कोलंबस असो की कॅन्सस, दुपारी तोच आवाज.

१९९४मध्ये चाळीस वर्षांनी रिपब्लिकन पक्षाला प्रतिनिधिगृहात बहुमत मिळालं तेव्हा नव्या सदस्यांनी लिंबॉ यांना आपला मानद सहकारी म्हटलं. ते २०२१च्या फेब्रुवारीत गेले. त्यांच्या वेळेवर आता क्ले ट्रॅव्हिस आणि बक सेक्स्टन बोलतात. शॉन हॅनिटी, मार्क लेव्हिन, ग्लेन बेक यांचे स्वतंत्र कार्यक्रम आहेत. डॅन बाँगिनो तर २०२५मध्ये कार्यक्रम सोडून थेट एफबीआयचे उपसंचालक झाले. ही माणसं सत्तेच्या किती जवळ आहेत हे कळावं म्हणून सांगते.

या कार्यक्रमांत सर्वांत जास्त लक्ष द्यायचं ते जाहिरातींकडे. बऱ्याच जाहिराती निवेदक स्वतःच्या आवाजात वाचतो. कर्ज वाढतंय, फेड नोटा छापतंय, डॉलरची किंमत घसरतेय, असं दहा मिनिटं बोलून झालं की तोच आवाज त्याच पट्टीत सोन्याच्या कंपनीचा नंबर देतो. भाष्य कुठे संपलं आणि विक्री कुठे सुरू झाली हे गाडी चालवणाऱ्याला कळत नाही. रोज सोबत करणाऱ्या माणसाने सांगितल्यासारखं ते वाटतं. तुमचे मिस्टर भोळे नाहीत. रोज दोनेक तास कुणीतरी त्यांना शहाणा माणूस समजून चलनवाढ, व्याजदर, घटना यांबद्दल बोलतंय, आणि ऑफिसात किंवा घरात तसं कुणी बोलत नाही. हे मला तुमच्या पत्रात सगळ्यात स्पष्ट दिसलं, ताई, तुम्ही ते लिहिलं नसलं तरी.

आणि रेडिओवरचं सगळंच खोटं नसतं. २०२१च्या मार्चमध्ये बायडन सरकारने १.९ लाख कोटी डॉलरचं पॅकेज मंजूर केलं तेव्हा यातून महागाई भडकेल असं उजवे निवेदक ओरडून सांगत होते. क्लिंटन यांच्या काळातले अर्थमंत्री लॅरी समर्स, डेमोक्रॅट असूनही, तेच म्हणत होते. फेड म्हणत होतं, ही तात्पुरती बाब आहे. २०२२च्या जूनमध्ये महागाईचा वार्षिक दर ९.१ टक्क्यांवर गेला. पुरवठा साखळ्या तुटल्या होत्या, युक्रेनच्या युद्धाने तेल पेटलं होतं, हे खरं असलं तरी इशारा देणारे चुकले नव्हते. नंतर दर तीन टक्क्यांच्या आसपास उतरला, पण दर उतरला म्हणजे भाव उतरले असं नाही. ते फक्त सावकाश चढू लागले. महागाई कमी झाली असं टीव्हीवर ऐकायचं आणि दुकानात बिल तेवढंच भरायचं, याने माणूस चिडतो. इथे तुमच्या मिस्टरांची चीड रास्त आहे आणि तसं त्यांना तोंडावर सांगा.

कर्जाचंही खरं आहे. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारचं कर्ज ३८ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेलं. २०२४च्या आर्थिक वर्षात व्याजावरचा खर्च संरक्षणखर्चापेक्षा जास्त झाला. पण इथून पुढे रेडिओवर जे कमी ऐकू येतं ते त्यांना विचारा. हे कर्ज दोन्ही पक्षांनी वाढवलंय. २०२५च्या ४ जुलैला ट्रम्प यांनी सही केलेल्या कर आणि खर्चाच्या मोठ्या कायद्याने दहा वर्षांत तुटीत सुमारे ३.४ लाख कोटी डॉलरची भर पडेल असा अंदाज संसदेच्या स्वतःच्या अर्थसंकल्प कार्यालयाने दिला होता. केंटकीचे रँड पॉल आणि थॉमस मॅसी, दोघेही पक्के रिपब्लिकन, कर्जाचंच कारण देऊन विरोधात उभे राहिले. या दोघांबद्दल त्या महिन्यात तुम्ही रेडिओवर काय ऐकलंत, एवढं विचारा. भांडायला नाही, खरंच जाणून घ्यायला.

‘सरकारचे आकडे खोटे’ हा तिसरा मुद्दा. रोजगाराचे आकडे कामगार सांख्यिकी कार्यालय दर महिन्याला देतं, बहुधा पहिल्या शुक्रवारी. ते देशभरातल्या सुमारे १ लाख २१ हजार कंपन्या आणि सरकारी खात्यांच्या उत्तरांवर बेतलेले असतात. सगळ्यांची उत्तरं वेळेत येत नाहीत, म्हणून पुढच्या दोन महिन्यांत आकडा दोनदा सुधारतात आणि वर्षातून एकदा बेरोजगारी विम्याच्या नोंदींशी ताडून पाहतात. २०२४च्या ऑगस्टमध्ये, ऐन निवडणुकीत, आधीच्या वर्षाचा आकडा ८ लाख १८ हजारांनी जास्त धरला गेल्याचा प्राथमिक अंदाज याच कार्यालयाने स्वतःहून जाहीर केला. उजवीकडून ओरड झाली की बायडन यांच्यासाठी आकडे फुगवले. वर्षभराने, १ ऑगस्ट २०२५ला, महिन्याचे आकडे पुन्हा खाली सुधारले गेले. या वेळी अध्यक्ष ट्रम्प होते, आणि त्यांनी त्याच दिवशी कार्यालयाच्या प्रमुख बाईंना काढून टाकलं. कार्यालय तेच, पद्धत तीच, आकडा दोन्ही वेळा सत्तेवर असलेल्याला अडचणीचा. मिस्टर इंजिनिअर असतील किंवा हिशोबाच्या कामात असतील, तर मोजमाप सुधारणं म्हणजे लबाडी नव्हे हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं समजेल.

टॅरिफबद्दल, म्हणजे आयातशुल्काबद्दल, एकच सांगते. तो बंदरावर अमेरिकी आयातदार भरतो. पुढे त्याचा किती भाग गिऱ्हाइकावर येतो यावर वाद करता येईल. आणि टॅरिफच्या भिंती उभारल्या की शेवटी अमेरिकी कामगारांचंच नुकसान होतं, हे २५ एप्रिल १९८७च्या रेडिओ भाषणात रेगन यांनीच सांगितलं होतं. जपानवर काही टॅरिफ लावण्याचं कारण देता देता ते हे बोलले, म्हणून ते भाषण पूर्ण ऐकण्यासारखं आहे. जेमतेम पाच मिनिटांचं आहे. मिस्टरांबरोबर बसून ऐका. त्यांच्याच बाजूच्या सर्वांत मोठ्या माणसाचा आवाज आहे तो.

बोलायची सुरुवात कशी करायची, असा प्रश्न तुम्हाला पडेल. एका शनिवारी कामाच्या निमित्ताने त्यांच्याबरोबर गाडीत बसा आणि त्यांचा कार्यक्रम लावू द्या. मधे बोलू नका. घरी आल्यावर विचारा, “यातलं तुम्हाला सगळ्यात काय पटलं?” त्यांना बोलू द्या. मग विचारा, “आपल्या घराला याने नेमका किती फरक पडतो?” आणि घरखर्चाचे कागद पुढ्यात घ्या: किराणा, गाडीचा विमा, मॉर्गेज, पोरीच्या कॉलेजचा खर्च. गेल्या तीन वर्षांत काय किती वाढलं ते दोघांनी मिळून मांडा. काही ठिकाणी रेडिओ बरोबर निघेल, काही ठिकाणी नाही. मात्र निवृत्तीच्या पैशांवर दोघांच्या सहीशिवाय काही होणार नाही, हे त्याच बैठकीत ठरवून घ्या. इथे मऊ राहू नका. “हे पैसे आपल्या दोघांच्या म्हातारपणाचे आहेत, मला विचारल्याशिवाय हलवायचे नाहीत,” असं स्वच्छ म्हणा.

मुलीबद्दल लिहिताना माझा जीव तुटतो. ती उद्धट नाही, घाबरलेली आहे. २०२४च्या डिसेंबरमध्ये एच-१बी या परदेशी नोकरदारांच्या व्हिसावरून उजव्यांच्या आपसातल्या भांडणात भारतीयांबद्दल जे काही बोललं गेलं ते तिने वाचलं असणार. २०२५च्या सप्टेंबरमध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली तेही तिला माहीत असणार, आणि तिचे बाबा त्याच व्हिसावर या देशात आले असतील तर तिला ते आणखी लागलं असेल. रिपब्लिकन नेते विवेक रामस्वामी तर तुमच्याच राज्यात, सिनसिनाटीत जन्मलेले, रेडिओला हवे ते सगळे विचार मांडणारे. त्यांच्याच पॉडकास्टवर २०२४च्या मे महिन्यात उजव्या विचारांच्या लेखिका अॅन कोल्टर यांनी त्यांना सांगितलं की तुमचं पुष्कळसं पटतं, तरी तुम्ही भारतीय असल्याने मी तुम्हाला मत दिलं नसतं. रामस्वामींनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि नंतर, मनातलं खरं बोलून दाखवल्याबद्दल कोल्टर यांच्याविषयी आदर वाटतो असं म्हटलं. तुमच्या मुलीला तेवढं शांत राहणं जमावं अशी अपेक्षा कुणी करू नये.

मुलीचा मुद्दा आणि वडिलांचा मुद्दा वेगळे आहेत, आणि दोघांनाही तो एकच वाटतोय. ते महागाई आणि कर्जाबद्दल बोलतात, ती आपल्या जागेबद्दल. मिस्टरांना वेगळं घेऊन सांगा की करांबद्दल आणि फेडबद्दल तुमचं मत काहीही असो, लेकीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलेलं नाही. ओरडल्याबद्दल आधी त्यांनी तिच्याजवळ जाऊन बोलावं, तेही जेवणाच्या टेबलावर नको. आणि मुलीला सांगा की बाबांना ‘तुम्ही त्यांच्यासारखे झालात’ म्हणू नकोस. त्याऐवजी विचार, “रेडिओवर आपल्या लोकांबद्दल काही वाईट बोलतात तेव्हा तुम्हाला गाडीत एकट्याला काय वाटतं?” माझा अंदाज आहे, हे त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही. उत्तर यायला वेळ लागेल, तोवर तिने गप्प बसावं आणि तुम्हीही.